घोटा, पोटरी, गुडघा: तुंबलेल्या रस्त्यावरून मोटरसायकल काढताना

उपाशीपोटीचं रक्त सकाळीच घ्यावं लागतं. रात्रभर पाऊस कोसळला म्हणून कुणाची साखर दुपारी तपासून चालत नाही. त्यामुळे रस्ता कोरडा असो की तुंबलेला, पहाटे साडेपाचला माझी मोटरसायकल बाहेर पडते. मागे नमुन्यांची थंड पेटी, पुढे मी. घरोघरी जाऊन रक्त घ्यायचं आणि वेळेत लॅबला पोचवायचं, हे काम मी ११ वर्षं करतेय. पहिली चार वर्षं स्कूटरवर, नंतर १५० सीसीच्या मोटरसायकलवर. एवढ्या काळात एकदा इंजिन बुडवलं, दोनदा गाडीसकट आडवी झाले, आणि मागे किती वेळा फिरले त्याची मोजदाद नाही. पाण्यातून गाडी कशी काढायची ते खाली सांगतेच, पण त्यातला निम्मा भाग गाडीवर बसायच्या आधीचा आहे. घाईत असाल तर तेवढाच वाचा.

घाईचं म्हणाल तर माझ्याइतकी घाई क्वचित कुणाला असेल. रक्त ट्यूबमध्ये आलं तरी त्यातल्या पेशी साखर खातच राहतात, म्हणून साखरेसाठी वेगळी, करड्या झाकणाची ट्यूब असते आणि बाकीच्या नमुन्यांनाही वेळेची मुदत असते. पाण्याच्या काठावर उभं राहिलं की डोक्यात हेच घड्याळ टिकटिकत असतं. मी केलेली प्रत्येक चूक त्या टिकटिकीतच झाली आहे.

आधी खाली उतरा

गाडी पाण्यापासून लांब, उंचावर, स्टँडला लावा आणि पायी पुढे जा. गाडीवर बसून पाण्याची खोली कळत नाही. गढूळ पाणी वीतभर असो की पुरुषभर, वरून सारखंच दिसतं.

मी खोली माझ्या पायावर मोजते. माझी उंची पाच फूट एक इंच. घोटा जमिनीपासून साधारण १० सेंटीमीटरवर, पोटरीचा फुगीर भाग ३० च्या आतबाहेर, गुडघा ४२-४३ वर. एकदा घरी टेप घेऊन स्वतःचे आकडे काढून ठेवा, आणि त्याच टेपने गाडीचेही काढा: चाकाचा आस किती उंचीवर आहे, सायलेन्सरचं तोंड किती, आणि इंजिन हवा कुठून ओढतं ते तोंड किती. हे शेवटचं सहसा सीटखाली किंवा टाकीच्या मागे दडलेलं असतं. सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिककडून बोट ठेवून दाखवून घ्या. १७ इंची रिमच्या मोटरसायकलचा आस ३० सेंटीमीटरच्या आसपास असतो. स्कूटरची चाकं लहान, त्यामुळे तिचा आस त्याहून खाली.

माझा नियम साधा आहे. घोटाभर पाणी असेल तर सावकाश जायचं. अर्ध्या पोटरीपर्यंत असेल, तर पाणी उभं आहे, पलीकडचा काठ दिसतोय, रस्ता पायाखालचा आहे आणि दुसरी वाट नाही, या चारही गोष्टी जुळल्या तरच. गुडघ्याला पाणी लागलं की विषय संपला. हवा ओढणारं तोंड गुडघ्याच्या बरंच वर असतं हे मला माहीत आहे. पण गाडी चालू लागली की तिच्यापुढे पाण्याची लाट उठते, समोरून बस आली की तिची लाट वेगळी, आणि मध्ये एखादा खड्डा लागला की पुढचं चाक आणखी वीतभर खाली जातं. या तिन्ही गोष्टी एका क्षणी जुळून येतात. त्या नेहमी एकाच क्षणी का जुळतात, हे मला अजून कळलेलं नाही.

हे सगळं उभ्या पाण्याचं. पाण्याला ओढ असेल तर हिशेबच निराळा. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. जोराने वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं, ३० सेंटीमीटर पाणी लहान मोटारी उचलून नेऊ शकतं आणि ६० सेंटीमीटरमध्ये बहुतेक गाड्या टिकत नाहीत. मोटरसायकलला तर आडवा रेटा सोसायला दोनच टायर. ओढ ओळखायला मी एक पान किंवा काडी टाकते आणि तिच्याबरोबर काठाने चालते. काडी माझ्या चालीच्या पुढे गेली, तर घोटाभर पाण्यातही गाडी घालत नाही. नाल्यावरचा पूल, मोरी, उताराचा रस्ता, या ठिकाणी काडीही टाकत बसत नाही. तिथे पाण्याखाली रस्ता उरला आहे की वाहून गेलाय, हे काठावरून कुणालाच सांगता येत नाही.

पाण्यात न उतरताही खोलीचा अंदाज येतो. फूटपाथची कड बहुतेक ठिकाणी १५ सेंटीमीटरच्या आसपास उंच असते. कड दिसतेय का बघा. उभ्या मोटारींची चाकं बघा. चाकाच्या मध्यावरची टोपी बुडाली असेल, तर पाणी आपल्या हद्दीबाहेरचं आहे. रस्ता मधोमध किंचित उंच बांधलेला असतो. अडीच टक्के उतार धरला, तर सात मीटर रुंद रस्त्याचा मध्य कडेपेक्षा आठ-नऊ सेंटीमीटर वर येतो, म्हणजे जवळजवळ एक घोटा. म्हणून मध्यातून जायचं.

पण मध्यातच मॅनहोलही असतात. पाणी लवकर ओसरावं म्हणून लोक झाकणं उघडून ठेवतात, किंवा खालच्या दाबाने ती आपोआप उचलली जातात. पाण्यावर एका जागी गोल फिरणारा कचरा, बुडबुडे किंवा खळगा दिसला की तिथून लांब राहा. कुणी फांदी, बांबू किंवा तुटकी खुर्ची उभी करून ठेवली असेल तर त्या भल्या माणसाचे मनात आभार मानून वळसा घाला. मी लांब दांड्याची छत्री बाळगते, ती पावसासाठी कमी आणि रस्ता टोचून बघायला जास्त. चालताना पाऊल उचलून टाकू नका. घासत पुढे न्या, म्हणजे कड लागली तर आधी अंगठ्याला कळते.

आणि पाण्यात पाय ठेवल्यावर मुंग्या आल्यासारखं, झिणझिण वाटलं, तर पुढचं पाऊल टाकू नका. लहान लहान पावलं घासत, आल्या वाटेने मागे या. दिव्याच्या खांबाला, विजेच्या पेटीला, पत्र्याच्या फलकाला हात लावू नका. तुटलेली तार दिसली तर किमान १० मीटर लांब राहायचं, आणि ती पाण्यात पडलेली असेल तर त्या पाण्यात उतरायचंच नाही. इथे धाडसाला जागा नाही.

एवढं बघून झाल्यावरही मी पाच मिनिटं थांबते. कुणीतरी दुचाकीवाला जातोच. त्याचं पुढचं चाक कुठे दबकतं, कुठे तो डगमगतो, पाणी त्याच्या पायापर्यंत येतं का, हे बघून घेते. ट्रक गेला याला मी पुरावा मानत नाही. अंधारात तर उतरतच नाही, कारण वर सांगितलेल्यातलं काहीच अंधारात दिसत नाही.

आता गाडी पाण्यात

मागे कुणी बसलं असेल तर उतरवा. डबलसीट गाडी बसते, सायलेन्सर खाली जातो आणि तोल दोघांत वाटला जातो. त्या माणसाला काठाने पुढे चालू द्या. रस्ता दाखवायलाही तोच कामाला येतो. रेनकोटची टोकं आवळून घ्या, नाहीतर ती भिजून चेनच्या बाजूला लोंबतात. मोबाइल वरच्या खिशात. हेल्मेट डोक्यातच हवं. पाण्यात पडलं तरी खाली दगडच असतात.

समोरून येणारं अवजड वाहन पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबा, मगच उतरा. पहिला गिअर कोरड्यावरच टाका आणि तो बाहेर पडेपर्यंत बदलू नका. वेग माणसाच्या चालीएवढा. रेस नेहमीपेक्षा थोडी जास्त आणि एकसारखी ठेवायची, वेग क्लचने आवरायचा: रेस तशीच, हाफ क्लच. रेस सोडून पुन्हा दिली की इंजिन अडखळतं आणि पाण्यात अडखळलेलं इंजिन बहुतेक वेळा बंदच पडतं. हाफ क्लचने प्लेटा तापतात हे खरं आहे, म्हणून हा प्रकार पन्नास-साठ मीटरपुरताच. अख्खी गल्ली अशी पार करायला निघालात तर क्लच जळल्याचा वास येईल.

लोक सायलेन्सर बुडण्याला फार घाबरतात. त्याला रबरी नळी जोडून ती वर बांधलेलीही मी पाहिली आहे. खरं म्हणजे इंजिन चालू असेपर्यंत धूर पाण्याला बाहेर ढकलतच असतो. १० सेंटीमीटर पाण्याचा दाब म्हणजे हवेच्या दाबाचा जेमतेम शंभरावा भाग, तो इंजिनाला जड नाही. गाडी बंद पडली की मात्र पाणी आत शिरतं. धोका खरा आहे तो हवा ओढणाऱ्या तोंडाने. म्हणूनच जोरात घुसून पाण्याचे पंखे उडवणाऱ्यांची मला कीव येते. ते आपल्याच हाताने लाट उचलून इंजिनाला पाजत असतात.

नजर पुढच्या चाकावर नको, पलीकडच्या काठावर ठेवा. हात सैल, हँडल सरळ. पाय फूटरेस्टवर ठेवा. दोन्ही पाय पाण्यात ओढत नेले तर सुरक्षित वाटतं खरं, पण एखादा दगड घोट्याला लागला की गाडीही जाते आणि घोटाही. माझं दुसरं पडणं असंच झालं. पुढचा ब्रेक दाबू नका. चाक खड्ड्यात गेलं तर जाऊ द्या, रेस सोडू नका, गाडी आपली आपण वर येते. बाजूने बसची लाट येताना दिसली तर हँडल किंचित तिच्याकडे करा, म्हणजे ती अंगावर आडवी न येता समोरून फुटते.

स्कूटरला क्लचचा दांडा नसतो, त्यामुळे हाफ क्लच नाही. तिथे रेस एकसारखी ठेवून मागचा ब्रेक हलका दाबत वेग आवरायचा. स्कूटरचा बेल्ट एका पेटीत फिरतो. त्या पेटीत पाणी गेलं की बेल्ट घसरतो, इंजिन ओरडतं आणि चाक ढिम्म हलत नाही. स्कूटरवर असताना मी घोट्याच्या वर कधीच गेले नाही. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचा एक वेगळा रुसवा: कार्ब्युरेटरमधून खाली सोडलेल्या बारीक नळ्यांची टोकं बुडली की त्याला श्वास घेता येत नाही आणि सगळं ठीक असूनही गाडी बंद पडते.

विजेवरच्या गाडीला हवा ओढावी लागत नाही, म्हणून तिचे मालक निर्धास्त असतात. बॅटरीवर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एक मीटर स्थिर पाण्यात ३० मिनिटं टिकेल, आणि ही चाचणी नव्या, धडक्या वस्तूची असते. तीन वर्षं खड्ड्यांत आपटलेल्या गाडीच्या रबरी सीलला तो आकडा विचारू नका. आणि ओढ, खड्डा, मॅनहोल यांना गाडी पेट्रोलची की विजेची याच्याशी काही देणंघेणं नसतं.

बंद पडली तर

स्टार्टरला हात लावायचा नाही. या लेखातली एकच ओळ लक्षात राहणार असेल तर ती ही असू द्या.

मोटरसायकल घेऊन तिसरं वर्ष होतं. पेटीत १४ जणांचे नमुने, पाणी पोटरीला लागलेलं, शेजारून एक टेम्पो जोरात गेला. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. मी काय केलं असेल? जे सगळे करतात तेच. सेल्फ मारला. ‘खट्’ असा एक आवाज आला, कुणी लाकडी पेटीवर हातोडी मारावी तसा. मी पुन्हा मारला. मग आवाजही आला नाही.

मेकॅनिक काकांनी इंजिन उघडलं आणि कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, माझ्या हातात दिला. नीट बघितल्याशिवाय कळत नव्हतं, पण वाकला होता. ‘पाणी दाबलं जात नाही गं,’ एवढंच म्हणाले. नंतर घरी बसून मी हिशेब केला. माझं इंजिन १५० सीसीचं, दाबाचं प्रमाण दहास एक: पिस्टन खाली असताना दहा भाग जागा, वर आल्यावर एक, आणि मधले नऊ भाग म्हणजे ते १५० सीसी. म्हणजे पिस्टन वर येतो तेव्हा त्याच्या डोक्यावर १५० भागिले ९, साधारण १७ मिलिलिटर जागा उरते. आमच्या जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये मी ३ मिलिलिटर रक्त घेते. तशा सहा ट्यूब पाणी आत गेलं की पिस्टनला वर यायला जागाच राहत नाही. हवा असती तर दबली असती. पाणी दबत नाही, मग रॉड वाकतो. सहा ट्यूब तर मी एका घरातून भरून आणते.

तर बंद पडल्यावर किल्ली बंद करा, गाडी न्यूट्रलला टाका आणि ढकलत बाहेर काढा. पाण्याला थोडी जरी ओढ असेल तर ती ज्या बाजूने येतेय त्या बाजूला तुम्ही राहा आणि गाडी पलीकडे ठेवा, म्हणजे गाडी आडवी झाली तरी तुमच्या अंगावर येणार नाही. ओढ वाढतेय असं वाटलं तर गाडी तिथेच सोडा. मी पेटी उचलीन आणि निघीन. गाडीचा विमा असतो.

कोरड्यावर आल्यावर मेन स्टँड. एअर फिल्टरच्या डब्याखाली बहुधा एक छोटी नळी असते, तिच्या टोकाचं बूच काढा. तिथून पाणी आलं किंवा फिल्टर ओला लागला, तर पाणी आतपर्यंत गेलंय असंच धरा. फिल्टर कोरडा असेल तर नुसती प्लगची टोपी भिजून गाडी बंद पडलेली असू शकते. ती काढून कोरड्या फडक्याने पुसली की प्रश्न मिटतो.

फिल्टर ओला असेल आणि तुम्हाला प्लग काढता येत असेल, तर तो काढा. किल्ली बंदच ठेवून किक हळूहळू मारा. प्लगच्या भोकातून पाणी पिचकारीसारखं बाहेर येतं, म्हणून तोंड बाजूला. किक नसलेल्या गाडीत वरचा गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरवा, काम तेच होतं. शेवटी ऑइल बघा. ऑइलची पातळी दाखवणाऱ्या काचेतून ते दुधाळ, करडं दिसलं तर ऑइलमध्ये पाणी मिसळलंय, आणि ते बदलल्याशिवाय गाडी चालू करायची नाही. यातलं काही जमत नसेल तर ढकलत मेकॅनिककडे न्या आणि ‘पाण्यात बंद पडली, नंतर सेल्फ मारलेला नाही’ हे वाक्य आधी सांगा. त्यांचा चेहरा उजळतो.

सुखरूप बाहेर आलात तर

लगेच वेग घेऊ नका. ड्रम ब्रेकमध्ये पाणी गेलेलं असतं आणि पहिल्या दोन-तीन वेळा ब्रेक लागतच नाही. मागे कुणी नाही हे बघून, हळू चालवत, ब्रेक हलका दाबून धरा. घासून घासून तो कोरडा होतो आणि पकड परत आलेली पायाला कळते. डिस्क लवकर सुकतो, पण पहिला क्षण तोही उशिराच धरतो. माझं पहिलं पडणं पाण्यात नव्हतंच. पाणी ओलांडल्यावर, मोठ्या ऐटीत, पुढच्या चौकात.

त्याच दिवशी संध्याकाळी चेन धुऊन तिला तेल द्या, उद्यावर टाकलं तर गंज दिसतो. पुढच्या आठवड्यात चाकांमधून घरघर येऊ लागली तर बेअरिंग बघून घ्या.

पायांचंही तेवढंच बघा. त्या पाण्यात गटार असतं आणि उंदरांचं मूत्रही, त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो. पायाला चीर, फोड, खरचटलेलं असेल तर त्या पाण्यात न उतरणं उत्तम. उतरलात तर घरी येताच साबणाने पाय धुवा, आणि उतरण्याआधीच पाण्यात राहावं लागणार हे ठाऊक असेल तर डॉक्टरांना प्रतिबंधक औषधाचं विचारून ठेवा. हा ताप यायला २ ते ३० दिवस लागू शकतात, तोवर आपण पाणी विसरून गेलेलो असतो. म्हणून ताप, अंगदुखी, डोळे लाल झाले तर डॉक्टरांना आपणहून सांगा की अमुक दिवशी तुंबलेल्या पाण्यात उभा होतो. तपासणीचं रक्त घ्यायला माझ्यासारखीच कुणीतरी येईल.

गेल्या पावसाळ्यात एका गल्लीच्या तोंडाशी छत्री टोचली तर ती गुडघ्याच्या वर भिजली. पलीकडच्या टोकाला एक आजोबा उपाशी बसलेले. मी गाडी वळवली आणि फोन केला. ‘आजोबा, रस्त्यात फार पाणी आहे. आज जमणार नाही, तुम्ही खाऊन घ्या, तुमची साखरेची गोळी आहे, जास्त वेळ उपाशी राहू नका. उद्या पहाटे येते. रात्री जेवणानंतर मात्र साध्या पाण्याशिवाय काही नको.’

‘पाणी ना,’ ते म्हणाले, ‘भरपूर आहे. पलंगाखालीच आलंय.’